काजूचे टरफल आणि आपली मुले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही भाग वाढविला आहे.)



'दहावी-बारावीनंतर काय?' हा विषय मला देण्यात आला आहे. या विषयावर बोलताना अभ्यासक्रमांची यादी वाचून दाखविण्याची प्रथा आहे. ती यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावलेली आहे. ज्यांना डोळे आहेत त्यांनी ती वाचावी. मी आज एकाच वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू काजूच्या मोसमात तुमच्यापैकी पुष्कळांच्या मागील दारी ढिगाने पडलेली असते आणि तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ती वस्तू म्हणजे काजूचे टरफल.

मी शिकवतो मराठी आणि इतिहास. तेव्हा रसायनशास्त्रावर हा गृहस्थ काय बोलणार, असे कोणाच्या मनात आल्यास त्यात गैर काही नाही. जे सांगणार आहे ते वाचून आणि आमच्या विज्ञान शिक्षकांकडून तपासून घेऊन सांगत आहे. ज्याला एखादा विषय कष्टाने समजून घ्यावा लागतो तो निदान अवघड शब्दांच्या आड लपत नाही, एवढाच माझा फायदा समजा.

काजूची ओली बी दाताने फोडू नये, हे कोकणातल्या मुलाला शाळेत शिकवावे लागत नाही. ज्याने फोडली त्याचे ओठ भाजल्यासारखे होतात आणि चार दिवसांनी कातडी सोलून निघते. बिया फोडायला बसणाऱ्या बायका हाताला खोबरेल किंवा राख लावून बसतात, तरी बोटे काळी पडायची ती पडतातच. टरफल चुलीत टाकले तर भपकन पेट घेते, काळा धूर होतो आणि डोळे चुरचुरू लागतात. म्हणजे त्या टरफलात काहीतरी आहे, हे आपल्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. ते 'काहीतरी' म्हणजे काय, एवढेच आपण विचारले नाही.

वनस्पतिशास्त्रात काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली मानतात. आता तुमच्या लक्षात येईल. आंबा उतरवताना देठातून उडणारा चीक गालावर पडला की डाग उठतो. बिब्ब्याचे तेल लागले की अंग उतते. कपडे ओळखू यावेत म्हणून परीट ज्या तेलाने खूण करीत, ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नसे. 'बिब्बा घालणे' हा आपला वाक्प्रचार त्याच झाडावरून आला. जपानमध्ये लाकडी भांड्यांवर जो चकचकीत लाखेसारखा लेप देतात, तोही याच कुळातल्या एका झाडाच्या चिकाचा. त्या चिकाची रासायनिक रचना रिको माजिमा या जपानी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत शोधून काढली. अंग उतवणारी वस्तू आणि राजवाड्यातल्या भांड्यांवरचा टिकाऊ लेप या दोन्हींचे मूळ एकच. कुठल्या हातात पडते त्यावर सारे आहे.

काजूच्या टरफलाची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. बाहेर एक कवच, आत एक कवच, आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखे पोकळ भाग. त्या पोकळ्यांत तांबूस काळे तेल भरलेले असते. टरफलाच्या वजनाचा सुमारे पाव भाग हे तेलच असते. शंभर किलो काजूबी फोडली तर गर साधारण पंचवीस किलो निघतो. उरलेल्या मालातले बहुतेक टरफलच, आणि त्या टरफलात पंधरा-सतरा किलो तेल. आपण तोलून-मापून विकतो तो गर; बाकीचे भट्टीत जाते, रस्त्याच्या खड्ड्यात जाते, किंवा कोणी ट्रक घेऊन आला तर मिळेल त्या भावाने त्याला जाते.

या तेलात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल असते. ते तापवले की त्यातून कर्बद्विप्राणील वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, निघून जातो आणि 'कार्डेनॉल' नावाचा पदार्थ उरतो. विद्यार्थी मित्रांनो, हा शब्द लिहून घ्या. कार्डेनॉलच्या रेणूला एक डोके आहे आणि एक शेपूट आहे. डोके आहे फिनॉलचे. फिनॉल म्हणजे तेच, ज्याला आपण कार्बोलिक ॲसिड म्हणतो. शेपूट आहे पंधरा कार्बन अणूंच्या साखळीचे, खाद्यतेलात असते त्या जातीचे. डोके दुसऱ्या पदार्थांशी घट्ट हात मिळवते. शेपूट पाण्याला दूर ठेवते आणि वस्तूला लवचिकपणा देते. अशी जोडी एकाच रेणूत बांधायची म्हटली तर कारखान्यात बरीच खटपट करावी लागेल. काजूचे झाड ती कातळावर, खताशिवाय, मार्च-एप्रिलच्या उन्हात बांधून देते.

आता ही जोडी कशाच्या उपयोगी पडते ते पाहा. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून बेकेलाइट तयार केले. जुन्या घरांतली काळी विजेची बटणे आठवा, ते बेकेलाइट. कडक, उष्णता सोसणारे, पण ठिसूळ. फिनॉलच्या जागी कार्डेनॉल घातले की त्या शेपटामुळे ठिसूळपणा कमी होतो. असे राळेसारखे पदार्थ घट्ट करून त्यांची भुकटी करतात आणि ती मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरांत व क्लचच्या चकत्यांत मिसळतात. चाक दाबून धरताना जी प्रचंड उष्णता निर्माण होते ती सोसत घर्षण टिकवून धरणे हे तिचे काम. घाट उतरताना ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतो तेव्हा त्या पायाखाली काजूच्या टरफलाचा अंश असू शकतो.

दुसरा उपयोग आपल्या खलाशी घराण्यांनी कान देऊन ऐकावा. जहाजाच्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून इपॉक्सी नावाचा रंग देतात. तो दोन डब्यांत येतो. दुसऱ्या डब्यातला पदार्थ मिसळला की रंग घट्ट होतो. साधा पदार्थ थंडीत आणि दमट हवेत नीट काम करीत नाही. कार्डेनॉलपासून केलेला मात्र थंड व ओलसर पृष्ठभागावरही रंग घट्ट बसवतो. शेपूट पाण्याला दूर ठेवते, असे मघाशी म्हटले ते येथे कामी येते. आपल्या किती वडीलधाऱ्यांची उमर जहाजाच्या डेकवर गंज खरवडून रंग लावण्यात गेली! त्या डब्यांपैकी एखाद्यात आपल्याच परसातले तेल परत आले असेल, तर ते त्यांना कोणी सांगितले नसणार.

तेल ते कार्डेनॉल हा प्रवास सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. टरफले घाण्यासारख्या यंत्रात दाबून तेल काढणे हे पहिले पाऊल. ते गावपातळीवर होऊ शकते आणि काही ठिकाणी होतेही. पुढे तेल तापवून वायू घालवायचा, आणि मग ऊर्ध्वपातन करायचे. उघड्यावर तापवत राहिलात तर तेल उकळण्याआधीच घट्ट होऊन भांड्याला चिकटेल. म्हणून भांड्यातली हवा काढून घेऊन, कमी दाबाखाली ते उकळवितात. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते ना, तोच नियम पुष्कळ पुढे नेलेला. यासाठी यंत्रसामग्री लागते, पैसा लागतो, आणि त्याहून अधिक, दाब व तापमान यांचा अर्थ कळणारे माणूस लागते. त्या माणसाविषयीच मला बोलायचे आहे.

परंतु त्याआधी थोडा इतिहास, कारण तो माझा विषय आहे.

मनुष्याने रसायने प्रथम झाडांपासूनच मिळवली. आपली दादी राखेने भांडी घासत असे. त्या राखेतल्या क्षाराला अरबीत 'अल्-कली' म्हणत. समुद्रकाठची खारी झुडपे जाळून ती राख काच आणि साबण करण्यासाठी वापरीत. आज आठवीच्या पुस्तकातला 'अल्कली' हा शब्द तोच. अर्क काढण्याच्या पात्राचे 'अल्-अंबीक' हे नाव ग्रीकमधून अरबीत आले आणि अरबीतून युरोपभर गेले. १९०७ मध्ये बडोद्याला निघालेल्या औषध कंपनीने ते नाव घेतले, म्हणून आपल्या औषधाच्या बाटलीवर 'अलेंबिक' दिसते. जाबिर इब्न हय्यान, अल्-राझी ही नावे आपण जलशांतून अभिमानाने घेतो. ती घेऊन टाळ्या पडतात आणि मुले घरी जाऊन रसायनशास्त्राऐवजी सोपा विषय घेतात. असो.

झाडापासून मिळणाऱ्या रसायनाचा भाव कोण ठरवतो, याचे उत्तर चंपारणच्या धड्यात आहे. तो धडा आपण गांधीजींच्या सत्याग्रहाचा म्हणून शिकतो, पण त्याच्या मुळाशी एक रसायन होते. बिहारच्या रयतेला वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ लावावी लागे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बी.ए.एस.एफ. या कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्यांनी आपला तोटा सोसला का? नाही. निळीच्या सक्तीतून मोकळे करतो म्हणून त्यांनी रयतेचा खंड वाढवला, नाहीतर एकरकमी पैसे उकळले. शेख गुलाब यांच्यासारख्यांनी विरोध केला, पीर मुहम्मद मूनिस यांनी वर्तमानपत्रांतून लिहिले, राजकुमार शुक्ल गांधीजींना घेऊन आले, आणि १९१८ मध्ये कायदा होऊन ती पद्धत संपली. त्या शेतकऱ्याला आपल्या शेतातल्या पानात कोणता रेणू आहे हे ठाऊक नव्हते; जर्मनीतल्या प्रयोगशाळेला ते ठाऊक होते. हे मी दर वर्षी वर्गात सांगतो.

पुढे दगडी कोळसा आणि नंतर खनिज तेल आले. आज प्लास्टिक, रंग, धागे, साबणाची भुकटी यांतला बहुतेक माल खनिज तेल व नैसर्गिक वायूतून निघतो. हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. जुबैलच्या रसायनकारखान्यांत पाइप जोडणारे, वेल्डिंग करणारे, मचाण बांधणारे हात आपल्या गावांतून गेले आहेत. त्या कमाईतून घरे उभी राहिली, मशिदी दुरुस्त झाल्या, या शाळेच्या खोल्याही काही अंशी त्याच पैशातल्या आहेत. मी त्या कष्टांना सलाम करतो. पण त्या पाइपच्या आत काय वाहत होते, हे जाणणारी माणसे दुसरीकडून आली होती आणि त्यांचा पगारही वेगळा होता, हे तुम्हीच मला सांगितले आहे.

आता जगात पुन्हा वनस्पतींकडे पाहिले जाऊ लागले आहे. खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, आणि ते जाळल्याने हवेत कार्बन वाढून ऋतुमान बिघडते आहे. झाडातला कार्बन हवेतूनच घेतलेला असतो आणि झाड पुन्हा उगवते. म्हणून उसाची मळी, भाताचा पेंढा, बांबू यांपासून रसायने करण्याचे कारखाने निघत आहेत. उत्तराखंडात काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स या कंपनीने १९८९ मध्ये मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल बनविण्यास सुरुवात केली. ग्लायकॉल म्हणजे पॉलिएस्टर धाग्याचा एक घटक. आपल्याकडे कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला अल्कोहोलपासून रसायने होतात. पानिपतला २०२२ मध्ये पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना सुरू झाला. आसामात नुमालीगढला बांबूपासून इथेनॉलबरोबर फरफ्युरल आणि ॲसेटिक आम्ल करण्याचा कारखाना उभा राहिला असून त्याचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले.

अल्कोहोल म्हटले की आपल्या सभेत चुळबूळ होते. पिण्याची बाब स्पष्ट आहे, तिच्यावर मी बोलण्याचे कारण नाही. पण त्यापासून होणारा धागा, रंग आणि दवाखान्यातली औषधे आपण सारेच वापरतो. मुलांनी ही बाब आलिमांना जरूर विचारावी. विचारल्याशिवाय विषयच सोडून देऊ नये.

झाडापासून केले म्हणजे ते पवित्र झाले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. धान्य मोटारीच्या टाकीत गेले तर गरिबाच्या ताटात काय उरेल, हा प्रश्न खरा आहे. ऊस पाणी पितो, हेही खरे. काजूच्या टरफलाची भट्टी नीट नसेल तर धुराने आसपासच्या घरांतली मुले खोकतात, आणि सांडपाणी ओढ्यात सोडले तर ओढ्याला ते झाडाचे की खनिज तेलाचे याचे सोयरसुतक नसते. टरफलाची बाजू मला अधिक पटते ती एवढ्यासाठी, की ते कोणाच्या तोंडचा घास काढत नाही. गर खाऊन जे उरते त्याचा हा हिशेब आहे.

आता माणसाविषयी. सलीमुज्जमाँ सिद्दीकी हे नाव तुमच्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. जन्म १८९७ चा, लखनौच्या बाजूचा. अलीगढला त्यांनी तत्त्वज्ञान आणि फारसी घेऊन पदवी मिळवली; चित्रकलेची व शायरीची आवड. म्हणजे आपल्या हिशेबाने हा मुलगा 'आर्ट्सचा'. वैद्यकी शिकायला ते लंडनला गेले आणि तेथून जर्मनीत फ्रँकफुर्टला जाऊन रसायनशास्त्राकडे वळले. १९२७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्यावर हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी संशोधन सुरू केले. हकीमसाहेब त्याच वर्षाच्या अखेरीस वारले. सर्पगंधेच्या मुळांतून सिद्दीकींनी जो पदार्थ वेगळा काढला, त्याला १९३१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात तो पदार्थ आजही वापरला जातो. पुढे त्यांनी कडुनिंबातून निंबिन आदी पदार्थ वेगळे काढले. आणि आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, त्याच १९३१ साली पिल्लै या सहकाऱ्यासह त्यांनी बिब्ब्याचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले होते. आपल्या आजीच्या बटव्यातला बिब्बा! ते १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले आणि तेथेही विज्ञानसंस्था उभारल्या. पण हे काम दिल्लीत झाले. हकिमाचे ज्ञान आणि प्रयोगशाळेची नळी एका ठिकाणी आली, तेव्हा ते झाले.

पालक मला विचारतात, रसायनशास्त्र घेऊन मुलगा करणार काय, बाटल्या धुणार? एका वडिलांनी तर विचारले, मुलगी करणार काय? त्यांना मी विचारले, आपल्या भागात काजू कोण फोडते? बायकाच. बोटे कोणाची जळतात? त्यांचीच. मग त्या तेलाचा भाव आणि त्यापासून बचाव यांचे ज्ञान त्यांच्या मुलींना नको, असे कोणत्या किताबात लिहिले आहे? तो गृहस्थ हसला. मुलगी सध्या अकरावी विज्ञानला आहे.

वाटा आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनात रसायन अभियांत्रिकीची पदविका घेता येते. बारावी विज्ञान आणि सी.ई.टी. नीट दिली तर माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे दार उघडू शकते. जुने लोक तिला अजून यू.डी.सी.टी. म्हणतात. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली, २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे, आणि वनस्पतींच्या टाकाऊ भागांपासून इंधन व रसायने करण्याचे काम तेथे चालते. गुण तितके नसतील तर साधी बी.एस्सी. रसायनशास्त्र घेऊन करावी. तिला कमी लेखू नये. काजूच्या जाती सुधारण्याचे काम वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने केले, आणि 'वेंगुर्ला' नावाच्या जातींनी आपल्या बागा भरल्या. झाडाचे काम झाले. टरफलाचे बाकी आहे. काजूगराच्या निर्यातीत २००६ च्या सुमारास व्हिएतनामने आपल्याला मागे टाकले, आणि टरफलाच्या तेलातही तो देश जोरात आहे. तेथील लोकांना आपल्यापेक्षा दोन हात अधिक नाहीत.

शेवटी एक कामाची सूचना. आमच्या विज्ञान शिक्षकांनी यंदा प्रयोगशाळेतर्फे एक साधा प्रयोग ठरविला आहे. एकाच लाकडाच्या दोन फळ्या घ्यायच्या, एकीला टरफलाचे तेल द्यायचे, दुसरी कोरी ठेवायची, आणि दोन्ही शाळेमागच्या वाळवीच्या जागेत पावसाळाभर पुरायच्या. कोकणात होड्यांच्या लाकडाला हे तेल फासतात, ते कितपत बरोबर हे मुलांनी स्वतः पाहावे. त्यासाठी टरफले हवी आहेत. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी या आठवड्यात पत्र्याच्या डब्यात भरून आणावीत. मुलांच्या हाती उघडी देऊ नयेत. मोठ्यांनी हाताला खोबरेल लावून किंवा रबरी मोजे घालून भरावीत, आणि डब्यावर गावाचे नाव व काजूची जात लिहावी. तेल लावण्याचे काम शिक्षकच करतील, मुले वजन-मापे घेऊन नोंदी ठेवतील. फळ्या दसऱ्याच्या सुमारास उकरू. त्या दिवशी ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवून ठेवावे.